परत आलेली छिन्नी

तात्या माझे चुलते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात एके काळी लोहारांची चार घरं होती. आता भट्टी पेटते ती फक्त तात्यांच्या पडवीत. मी नोकरीमुळे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहते. त्याच राज्यात ब्रासटाउन नावाच्या खेड्यात १९२५ साली, डेन्मार्कमधल्या लोकशाळांच्या धर्तीवर काढलेली एक शाळा आहे. तिथे परीक्षा नाही, गुण नाहीत. सुतारकाम, विणकाम, कुंभारकाम आणि लोहारकाम शिकायला मोठी माणसं येतात. गेल्या वर्षी मी तिथे आठवडाभर लोहारकामाच्या वर्गाला गेले. नवशिक्यांचा वर्ग आधी झाला होता, हा त्याच्या पुढचा, मधल्या पायरीचा. दिवाळीला गावी आले तेव्हा तिथे केलेली सांडशी सामानात घालून आणली आणि तात्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यावरून दोन दुपारी जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. मधे आवाज चढले, तेही गाळलेले नाहीत.

तात्या : (सांडशी उघडमीट करत) तोंड बरं जुळलंय. रिव्हेट ढिली आहे.

मी : रिव्हेट ठोकल्यावर सांधा परत लाल करून हलवत हलवत सैल केला. तसंच शिकवलं होतं.

तात्या : ते बरोबर. तू जरा जास्त हलवलीस. किती वेळ लागला?

मी : दीड दिवस. पहिली वाया गेली. दोन अर्धे केले, पण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप झालं. एकमेकांवर ठेवले तर दोन्ही तोंडं एकाच बाजूला.

तात्या : पहिल्यांदा सगळ्यांचं तेच होतं. माणसाला वाटतं चपलेसारखा जोड असणार, एक डावा, एक उजवा. दोन्ही डावेच करायचे आणि एक उलटवून ठेवायचा. मला हे कळायला माझ्या बापानं दोन थोबाडीत दिल्या होत्या. तुला?

मी : मला खडूने जमिनीवर काढून दाखवलं.

तात्या : बरं झालं की मग. आता सांग, तुझ्यासंगट कोण होतं शिकायला?

मी : एक निवृत्त डॉक्टर. शाळेतल्या एक बाई. एक सुतार, आणि घोड्यांचं काम करणारा एक तरुण नालबंद.

तात्या : नालबंदाचं पोट आहे त्यावर. बाकीच्यांचं?

मी : नाही. ते आवडीने येतात. पैसे भरून येतात.

तात्या : आणि केलेली वस्तू जाते कुठं?

मी : त्यांच्या घरी. दाराची कडी, भिंतीवरची खुंटी, चुलीजवळचं फुंकायचं, ढोसायचं सामान.

तात्या : म्हणजे परत येत नाही.

मी : कुठून परत येणार?

तात्या : गिऱ्हाइकाकडून. पोरी, तुझी सांडशी चांगली आहे, मी नावं ठेवत नाही. पण तू त्याला मधली पायरी म्हणतेस ना, तर ऐक. आमच्यात पायऱ्या कुणी मोजल्या नाहीत. पण एक मधला काळ असतो, आणि त्यात माणसाला त्याचं काम शिकवतं. त्यानं केलेलं, मोडून परत आलेलं काम.

हे बोलून त्यांनी बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सांगायला घेतली. मी ती लहानपणापासून ऐकत आले होते, पण अशी नव्हती ऐकली. आमच्या घरात तो दुष्काळ म्हणजे मिलो ज्वारी आणि आटलेली विहीर. तात्यांच्या तोंडून त्या दुपारी कळलं की तीच त्यांची शाळा होती.

तात्या : मी चौदा वर्षांचा. सगळा गाव रस्त्याच्या कामावर, खडी फोडायला. आम्ही भट्टी तिथंच नेली, बाभळीखाली. सकाळी माणसं पहारी, टिकाव, छिन्न्या घेऊन जायची, संध्याकाळी टोपली भरून परत. वडील टोकं शेवटायचे आणि छिन्न्यांचं पाणी माझ्याकडं दिलं होतं. ज्याच्या त्याच्या छिन्नीवर खूण असायची. कुणाच्या दोन रेघा, कुणाची फुली. सकाळी मी पाणी दिलेली छिन्नी संध्याकाळी माझ्याच हातात यायची. टोक वाकून, बोथट होऊन आली तर पाणी कमी पडलं. टवका उडून आली तर पाणी जास्त झालं. खडी मापून पैसे मिळायचे. छिन्नी मोडली की जिची ती असेल त्या बाईचं माप कमी भरायचं, आणि ती बाई संध्याकाळी माझ्यासमोर उभी राहायची. काही बोलायची नाही. उभी राहायची. पावसाळा येईस्तोवर माझ्या छिन्न्या मोडायच्या थांबल्या.

मी : तात्या, मोडलेली छिन्नी आम्हालाही दाखवली. मुद्दाम मोडून दाखवली.

तात्या : मुद्दाम?

मी : एकाच पोलादी सळईचे तीन तुकडे केले. पहिला बरोबर तापवला. दुसरा पार पिवळाधमक होईपर्यंत तापवला. तिसराही तसाच जास्त तापवला, पण मग चुंबक चिकटायचं थांबेल तेवढाच लाल करून हवेत निवू दिला, असं तीनदा केलं. मग तिन्ही तुकड्यांना सारखं पाणी दिलं, शेगड्यात धरले आणि हातोड्याने तोडले. पहिल्याचा मोड राखाडी, मऊ, मखमलीसारखा. दुसऱ्याचा खडीसाखरेसारखा चकाकणारा.

तात्या : साखर मला ठाऊक आहे. कोयता साखर दाखवून फुटला की वडील म्हणायचे, जाळलास.

मी : आणि तिसऱ्याचा मोड परत पहिल्यासारखा, बारीक.

तात्या यावर काही वेळ बोलले नाहीत. त्यांनी तोंडातली सुपारी थुंकली आणि मला तोच प्रयोग परत सांगायला लावला.

तात्या : म्हणजे जास्त तापलेलं परत सुधारतं?

मी : ठिणग्या उडायला लागल्या असतील तर नाही, ते खरंच जळलं. पण नुसतं जास्त तापलं असेल तर सुधारतं. पोलादाच्या आत दाणे असतात. उष्णता जास्त झाली की ते मोठे होतात आणि मोठ्या दाण्यांच्या फटीतून तडा सहज जातो. परत बेताने तापवलं की जुने दाणे मोडून नवे बारीक तयार होतात. सुमारे सव्वासातशे अंशांच्या वर पोलादाची आतली बांधणी बदलते, त्या बदलातच नवा दाणा जन्मतो.

तात्या : आम्ही तसलं सगळं भंगारात टाकलं. पन्नास वर्षं.

मी : म्हणून म्हणते, वर्गाला कमी लेखू नका. तुम्हाला एका अख्ख्या दुष्काळात जे कळलं ते मला एका दुपारी कळलं, आणि वर एक गोष्ट जास्त कळली.

तात्या : कळलं, व्हय. पण मोडताना तुझ्यासमोर कोण उभं होतं?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. वर्गात मोडलेल्या तुकड्याने कुणाची मजुरी बुडाली नाही. मला दाणा समजला. त्या बाईचं उभं राहणं मला कधी मिळणार नाही, आणि हाताला जपायला शिकवतं ते तेच. इथे मी तात्यांचं म्हणणं पूर्ण मान्य करते.

पण पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट त्यांना सांगावीशी वाटली, कारण तिथे आमचा वर्ग आणि त्यांची बाभूळ एकाच जागी पोचत होते. छिन्नी लाल करायची, पण पाण्यात फक्त टोकाकडचा इंचभर बुडवायचा. बाहेर काढून टोक विटेने घासून चकचकीत करायचं. मागच्या दांड्यात उरलेली धग हळूहळू टोकाकडे सरकते आणि चकचकीत पोलादावर रंग पळत येतात : आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. आम्हाला आकडे सांगितले होते, गवती म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, जांभळा २८०, निळा ३०० च्या पुढे. रंग पोलादाचा नसतो, त्यावर धरलेल्या गंजाच्या अतिपातळ सायीचा असतो. साय जाड होत जाते तसा रंग बदलतो. तात्यांना आकडे माहीत नाहीत. ते म्हणतात, "वांग्याचा रंग टोकाला पोचला की सगळी बुडवायची. खुरप्याला त्याच्या आधी." कमानपाट्याच्या कोयत्याला मात्र ते पाणी देतच नाहीत, इंजिनाचं जळकं तेल वापरतात, पाण्यात तो तडकतो म्हणून. वर्गात आम्हाला मोटारीच्या पाट्याबद्दल नेमकं हेच सांगितलं.

तात्या : मग ते चुंबक कशाला? डोळे नाहीत का?

मी : डोळे फसतात. तोच लाल रंग सावलीत उजळ दिसतो, उन्हात दिसतच नाही. म्हणून तर तुम्ही पडवीला गोणपाट लावता. आमच्याकडेही भट्टीपाशी अंधारच ठेवतात. चुंबक डोळ्याला सवय लागेपर्यंत. लोखंड ७७० अंशांना चुंबकाला सोडतं, तेव्हाचा रंग डोळ्यात ठेवायचा, आणि मग चुंबक खुंटीला.

तात्या : हे बरं आहे. पोराला द्यायला बरं आहे.

पोरगा म्हणजे माझा चुलतभाऊ, दादा. तो आता औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जातो. त्याचं नाव निघालं आणि दुसऱ्या दिवशीचं बोलणं तिथूनच सुरू झालं.

मी : दादाला तुम्ही कधी काही सांगितलंत?

तात्या : बघ म्हणालो. मलाही बघच म्हणाले होते.

मी : तो सातवीपासून भात्यावर होता. कोयता का फुटला हे त्याने विचारलं की तुम्ही म्हणायचात, लक्ष नाही तुझं. त्याचं लक्ष होतं, तात्या. मला आठवतंय, तो रात्री मोडलेले तुकडे जुळवत बसायचा. त्याला कुणी दाण्याचं सांगितलं असतं तर?

तात्या : तर काय, राहिला असता? फाळ शेवटायला आता येतंच कोण? ट्रॅक्टरचा फाळ दुकानात मिळतो. पूर्वी बलुतं होतं, सुगीला धान्य घरी यायचं. ते गेलं, मग रोख गेलं. पोरगा कारखान्यात गेला ते बरोबर केलं त्यानं.

मी : तिकडेही असंच झालं होतं. घोडे गेले, गाड्या आल्या, कारखान्यात सगळं साच्यातून निघायला लागलं, आणि लोहारकाम विझत आलं. १९७३ साली जॉर्जिया राज्यात थोडे लोहार एकत्र जमले आणि त्यांनी एक संघटना काढली. तिने पुढे शिकवण्याचा क्रम लावला, तीन पायऱ्यांचा. मधली पायरी म्हणजे स्वतःची अवजारं करणं, दोन लोखंडं आगीत जोडणं, पाणी देणं. बापाकडून मुलाकडे जाणारी वाट तुटली तेव्हा वर्ग आला.

तात्या : म्हणजे तुझा वर्ग हा मयताच्या मागचा आहे.

मी : तसं म्हणा. पण मागे कुणीतरी राहिलं ना. आपल्याकडे कोण राहणार आहे?

इथे तात्यांनी सरकारी योजनेची गोष्ट काढली. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, पंधरा दिवस किंवा जास्तीचं प्रगत प्रशिक्षण, शिकताना रोजचे ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत. तात्यांना कुणीतरी नाव घाला म्हणालं होतं. त्यांना पेच पडला होता की या वयात आपण कुठल्या बाकावर बसायचं. मला वेगळी गोष्ट दिसली. ही योजना हात-अवजारांनी आधीच काम करणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात प्राथमिक आणि प्रगत अशा दोनच पायऱ्या आहेत. ज्याला आग पेटवता येते, सळई लांबवता येते, पण ज्याची सांडशी अजून आरशातली होते, अशा माणसाला जागा कुठे? आणि ज्याच्या घरात भट्टी नव्हतीच, त्याला?

तात्या : ज्याच्या घरात नव्हती त्यानं कशाला शिकायचं?

मी : तात्या, बहात्तरला त्या बाभळीखाली घण कोण मारत होतं?

तात्या : तुझी आजी.

मी : घरी भाता कोण ओढायचं?

तात्या : आजी. मग तुझी काकू, तुझी आई.

मी : त्यांच्या घरात भट्टी होती. आजीच्या हातात सांडशी कधी दिली?

लोहारकामात घण मारणारा आणि लोहार यांत फरक असतो, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. डाव्या हातात सांडशी धरून जो तापलेला तुकडा ऐरणीवर फिरवतो आणि उजव्या हातातल्या लहान हातोड्याने कुठे मारायचं ते दाखवतो, तो लोहार. घणवाला त्या जागी मारतो. हातोडा ऐरणीवर नुसता टिकटिकला की थांबायचं. ताकद घणाची, निर्णय सांडशीचा. गाव फिरत्या घिसाडी लोहारांच्या बायकांचा घण बघतं, कौतुकही करतं, पण सांडशीकडे कुणी बघत नाही.

मी : वर्गात दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी विचारलं, घण कोण घेईल? मी घेतला. त्यांचा हातोडा टिकटिकला आणि मी थांबले. त्यांनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी सांगितलं, आजीकडे बघून. तिसऱ्या दिवशी माझी पाळी आली. माझ्या हातात सांडशी, आणि समोर तो सत्तरीचा डॉक्टर घण उचलून माझ्या हातोड्याची वाट बघत होता. मी जिथे टेकवीन तिथे तो मारणार. तात्या, मला त्या रात्री झोप लागली नाही. आजी पन्नास वर्षं ऐरणीच्या पलीकडच्या बाजूला उभी होती. अलीकडे यायला मला परदेशात पैसे भरावे लागले.

तात्या : तिनं मागितली नाही कधी.

मी : मागता येत होती?

तात्या उठून गेले. मला वाटलं बोलणं संपलं. ते पाण्याचा तांब्या घेऊन परत आले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

तात्या : एक सांगतो. वडील तापानं पडले होते. पेरणीच्या तोंडाशी एक शेतकरी फाळ टाकून गेला. मी लहान, माझ्यानं होण्यासारखं नव्हतं. आईनं भट्टी पेटवली. मला घण दिला. सांडशी तिनं धरली. फाळाच्या तोंडाला नवं लोखंड जोडायचं होतं. टाकणखार संपला होता, तिनं ओढ्यातली बारीक वाळू टाकली. पांढरं तापलं, वाळू वितळून मेणासारखी पसरली, आणि ती म्हणाली, मार. पहिल्या घणाला बसलं. दुसऱ्या दिवशी शेतकरी घेऊन गेला. कुणी केलं हे त्याला कुणी सांगितलं नाही.

मी : तो फाळ परत आला का?

तात्या : (बराच वेळाने) नाही. त्या हंगामात नाही आला.

मी : म्हणजे सांधा धरला होता.

तात्या : धरला होता. वडलांचे दोन सुटले होते त्या वर्षी. तिचा सुटला नाही.

त्यानंतर आम्ही गाडीच्या धावेबद्दल बोललो, कारण दोघांनाही दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं. सुतळीने चाकाचा घेर घ्यायचा, धाव अंगठाभर कमी ठेवायची, शेणींच्या रिंगणात तापवून चाकावर टाकायची आणि पाणी ओतायचं. निवताना ती आकसून चाकाला कवळते. मी हिशेब केला. लोखंड शंभर अंशांना मीटरमागे साधारण सव्वा मिलिमीटर वाढतं. चार मीटर घेराची धाव चारशे अंशांनी तापली तर वाढ होते वीस मिलिमीटरच्या जवळपास. मी तात्यांचा अंगठा मोजपट्टीवर ठेवला. रुंदी भरली बावीस. तात्या हसले, पहिल्यांदाच. मग म्हणाले, "आईचा अंगठा बारीक होता. तिनं धाव केली असती तर घट्ट बसली नसती." आणि थोड्या वेळाने, "तिनं काहीतरी वेगळं माप धरलं असतं."

तात्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. निघायच्या आदल्या दिवशीही ते म्हणाले की पोटासाठी नसलेली भट्टी म्हणजे नुसता कोळसा जाळणं. मी म्हणाले की पोटासाठी असलेली भट्टी अर्ध्या घराला बंद होती, आणि तिला उघडायला निदान तो वर्ग तरी आहे. दोघेही आपापल्या जागी राहिलो. मग त्यांनी माझी सांडशी उचलली.

तात्या : ही इथंच ठेव. कोयत्याच्या कामाला घेतो.

मी : रिव्हेट ढिली आहे म्हणालात.

तात्या : म्हणूनच. पुढच्या दिवाळीला ये, कुठं गेली ते बघायला. बहुतेक मानेत जाईल, तिथं तू पातळ केलीस. गेली तर तूच जोडायची.

मी : आणि नाही गेली तर?

तात्या : दांड्यावर खूण कर आधी. पाच सांडश्या आहेत इथं. कुणाची कुठली ते कळायला पाहिजे.

मी : कुठली खूण करू?

तात्या : तुझी. मी कशी सांगणार?

मी भट्टीत दांड्याचं टोक घातलं आणि भात्याकडे वळले. तिथे तात्या आधीच बसले होते. टोक लाल झालं. मी छिन्नी लावली आणि दोन रेघा पाडल्या, मग जरा विचार करून त्यांच्या शेजारी तिसरी, आखूड.